रिझर्व्ह एअरलिफ्ट विंग म्हणजे डिकीतली स्टेपनी नव्हे: एका लोडमास्टरचं उत्तर

प्रश्न असा आहे की अमेरिकन एअरफोर्सच्या रिझर्व्हमधे, म्हणजे आपापली नोकरी सांभाळून पार्टटाइम सेवा करणाऱ्या दलात, एअरलिफ्टच्या म्हणजे विमानाने माणसं-माल नेणाऱ्या युनिटमधले लोक स्टेपनीसारखे डिकीत पडून असतात का, लढाई लागली की बाहेर काढायचे? आणि सी-१७ सारखी अवाढव्य विमानं पार्टटाइम लोकांच्या हातात देतातच कशी?

मी मूळचा साताऱ्याचा, १९९६ ला आईबाबांबरोबर ओहायोत आलो, २००० साली एअरफोर्स रिझर्व्हमधे भरती झालो आणि २०२१ च्या शेवटी रिटायर झालो. एवढी सगळी वर्षं लोडमास्टर, म्हणजे विमानात काय चढणार, कुठे बसणार, कसं बांधणार, कसं उतरणार हे बघणारा माणूस. डेटन शहराला लागून राइट-पॅटरसन बेस आहे, तिथली ४४५ वी एअरलिफ्ट विंग हे माझं युनिट, त्यामुळे तिच्याच इतिहासावरून सांगतो, म्हणजे बाकीच्या रिझर्व्ह विंगचं पण कळेल.

आधी स्टेपनीचं. स्टेपनी गाडीला लावलेली नसते, आम्ही लावलेले असतो. भरतीच्या जाहिरातीत महिन्याला एक शनिवार-रविवार आणि वर्षाला दोन आठवडे असं असतं, ते ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी बऱ्यापैकी खरं आहे पण फ्लाइंग क्रूसाठी अजिबात नाही. पायलटला ठराविक दिवसात ठराविक लँडिंग, रात्रीची लँडिंग, हवेत इंधन भरून घेणं हे सगळं करावंच लागतं, लोडमास्टरला पण त्याची यादी असते आणि नियम पूर्णवेळवाल्यांना जे आहेत तेच आम्हाला, चेकराइड म्हणजे उडतानाची परीक्षा पण तीच, घेणारा तुम्ही रिझर्व्हचे म्हणून एक मार्क वाढवत नाही. माझी काही वर्षं अशी गेलीत की शंभराच्या वर दिवस वर्दीत आणि उरलेले दिवस माझ्या नोकरीत, मी एका गोदाम कंपनीत मालाच्या प्लॅनिंगचं काम करायचो. विंग रोज चालू ठेवायला आणखी एक जमात असते, त्यांना एअर रिझर्व्ह टेक्निशियन म्हणतात, ही पद्धत १९५८ पासूनची. सोमवार ते शुक्रवार तेच लोक तिथेच सरकारी नागरी नोकर म्हणून विमानं सांभाळतात आणि ड्रिलच्या म्हणजे महिन्याच्या सरावाच्या वीकेंडला त्याच हँगरमधे सैनिक म्हणून उभे राहतात. हे नसते तर आम्ही शनिवारी येऊन काय उडवलं असतं, काहीच नाही.

पार्टटाइम लोकांच्या हातात विमान कसं देतात याचं उत्तर असं की विमान विकत घेता येतं, वीस वर्षांचा अनुभव विकत घेता येत नाही. दहा-बारा वर्षं पूर्णवेळ उडवलेला पायलट एअरफोर्स सोडून एअरलाइनमधे जातो, मुलं शाळेत जायला लागलेली असतात, दर तीन वर्षांनी बदली नको वाटते. रिझर्व्ह नसेल तर त्याच्या डोक्यात जे आहे ते त्या दिवशी संपलं. रिझर्व्ह असेल तर तो आठवडाभर प्रवासी विमान उडवतो आणि मग आमच्याकडे येऊन सी-१७ उडवतो. म्हणून रिझर्व्हचा क्रू बघाल तर वयाने मोठा असतो, केस पिकलेले, आणि वाळूच्या वादळात पर्यायी विमानतळ शोधायची वेळ आली की त्या पिकलेल्या केसांची किंमत कळते.

आता इतिहास. एअरफोर्स रिझर्व्ह स्थापन झालं १४ एप्रिल १९४८ ला. दोनच वर्षांत कोरियाचं युद्ध लागलं आणि तेव्हा रिझर्व्हच्या विंग बोलावल्या गेल्या खऱ्या, पण बऱ्याच विंग मोडून त्यातला एकेक माणूस उचलून दुसऱ्या युनिटच्या रिकाम्या जागा भरायला वापरला. वर्षानुवर्षं एकत्र सराव केलेले लोक विखुरले गेले, वर हे बहुतेक दुसरं महायुद्ध लढून नुकते संसाराला लागलेले. ती कटुता खूप वर्षं टिकली आणि त्यातूनच १९५२ चा रिझर्व्हचा कायदा आला, कोणाला कधी बोलवायचं याच्या पायऱ्या ठरल्या. मला विचाराल तर रिझर्व्हमधली सगळ्यात मोठी शिकवण ही, की युनिट बोलवायचं तर अख्खं बोलवा, सुटे पार्ट काढू नका.

आमची विंग त्याच १९५२ च्या जुलैत न्यूयॉर्क राज्यात बफेलोला सुरू झाली, आणि गंमत म्हणजे तेव्हा ती फायटर-बॉम्बर विंग होती. ४४५ हा नंबर मात्र जुना, दुसऱ्या महायुद्धातल्या ४४५ व्या बॉम्ब ग्रुपचा. इंग्लंडमधून बी-२४ बॉम्बर उडवणारा हा ग्रुप, २७ सप्टेंबर १९४४ ला जर्मनीतल्या कॅसलवर गेला तेव्हा ३५ विमानांपैकी फक्त ४ आपल्या बेसवर परत आली. सिनेनट जिमी स्टुअर्ट याच ग्रुपमधे होता. आमच्याकडे नवीन पोरगं आलं की त्याला कॅसलचं सांगितलं जातंच.

१९५७ मधे विंग ट्रूप कॅरिअर झाली, म्हणजे सैनिक आणि माल नेणारी, जॉर्जियातल्या डॉबिन्स बेसवर. तेव्हा रिझर्व्हच्या अशा बहुतेक विंगकडे विमान होतं सी-११९. हे विमान आपल्या लोकांना माहीत असायला हवं कारण भारतीय हवाई दलाकडे हेच होतं, आपण त्याला पॅकेट म्हणायचो. ऑक्टोबर १९६२ मधे क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडून पेच झाला तेव्हा २८ तारखेला रिझर्व्हच्या ८ ट्रूप कॅरिअर विंग बोलावल्या, १४ हजारांवर माणसं, त्यात ४४५ वी पण होती. रविवार होता तो, लोक चर्चमधून, शेतावरून, दुकानातून बेसवर आले, त्याच दिवशी सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने क्षेपणास्त्रं काढून घेतो असं जाहीर केलं आणि महिन्याभरात सगळ्यांना घरी सोडलं. आणि त्याच वर्षी जुलैत आपले स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी तेच सी-११९ लडाखमधे दौलत बेग ओल्डीला उतरवलं होतं, साडेसोळा हजार फुटांच्या वर! मी हे आमच्या एका म्हाताऱ्या सार्जंटला सांगितलं, त्याने स्वतः सी-११९ वर काम केलेलं, तो दोन मिनिटं काही बोललाच नाही आणि मग म्हणाला की त्या पायलटला माझा सलाम सांग. आमच्या रिझर्व्हवाल्यांना ते विमान सपाटीवर भरल्या लोडने उचलताना घाम फुटायचा, त्यामुळे त्या उंचीवर उतरून परत उडणं म्हणजे काय हे त्याला जेवढं कळलं तेवढं मला पण तेव्हा कळलं नव्हतं.

मग आलं सी-१४१ स्टारलिफ्टर, आणि इथे रिझर्व्हची सगळी गोष्टच बदलली, म्हणून जरा थांबून सांगतो. १९६५ ला सी-१४१ सेवेत आलं, जेट, वेगवान, समुद्रापार जाणारं. अशा विमानाचा खरा उपयोग ते जमिनीवर कमीतकमी राहिलं तरच. पण विमान थकत नाही, माणूस थकतो. युद्धकाळात एकेक विमान सतत उडवत ठेवायचं तर एका विमानामागे साधारण चार क्रू लागतात, आणि शांततेच्या काळात एवढे क्रू पूर्णवेळ पगारावर ठेवायचे कसे? दुसऱ्या बाजूला रिझर्व्हकडे अनुभवी माणसं भरपूर पण विमानं जुनी, सी-११९ आणि सी-१२४, सगळी पंखेवाली. मग १९६८ मधे कॅलिफोर्नियात नॉर्टन बेसवर असोसिएट पद्धत सुरू झाली. विमान एकच, ते पूर्णवेळ विंगच्या नावावर, पण ते उडवणारे आणि दुरुस्त करणारे दोन संच, एक पूर्णवेळचा आणि एक रिझर्व्हचा, त्याच बेसवर शेजारी शेजारी.

आपल्याकडे दोन भावांत एक विहीर असते ना, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, तसंच. आणि भांडणं पण तशीच झाली सुरुवातीला. पूर्णवेळवाले यांना वीकेंडचे सैनिक म्हणायचे, रिझर्व्हवाल्यांना वाटायचं की विमान आपलं नाही, आपण पाहुणे. ते मिटलं ते फक्त उडून उडून, मिक्स क्रू करून, रात्री तीन वाजता एकाच बिघडलेल्या हायड्रॉलिक पंपावर दोघांनी हात काळे करून.

४४५ वी विंग या पद्धतीत १९७३ ला नॉर्टनला आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात इस्रायलला शस्त्रं पोचवायचा एअरलिफ्ट झाला, ३२ दिवसांत सी-१४१ आणि सी-५ मिळून २२ हजार टनांच्या वर माल, आणि त्यात असोसिएट युनिटचे रिझर्व्ह क्रू स्वखुशीने उडाले, कुणी बोलावणं काढलेलं नव्हतं. पुढे ऑगस्ट १९९० ला इराक कुवेतमधे घुसला तेव्हा सी-५ आणि सी-१४१ चे जवळपास निम्मे क्रू रिझर्व्हमधे होते, म्हणजे रिझर्व्हशिवाय ती हालचाल शक्यच नव्हती. राष्ट्राध्यक्षांची बोलावण्याची ऑर्डर २२ ऑगस्टला निघाली पण लोक त्याच्या आधीपासूनच उडत होते. त्यातच २९ ऑगस्टला जर्मनीत रामश्टाइनवरून उडालेलं एक सी-५ पडलं, टेक्सासच्या केली बेसवरचा रिझर्व्ह क्रू होता, एका इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर, म्हणजे उतरल्यावर जोर उलटा फिरवून वेग कमी करणारा भाग, टेकऑफच्या वेळी उघडला, आत १७ जण, १३ गेले. आम्ही शिकताना हा अपघात सेकंदासेकंदाने शिकवला जातो. वर्दीतल्या पार्टटाइम माणसाचा जीव पार्टटाइम नसतो एवढंच मी यावर म्हणेन.

नंतर नॉर्टन बेसच बंद करायचा निर्णय झाला आणि १९९४ ला ४४५ वी विंग ओहायोत राइट-पॅटरसनला आली. आता इथे बाहेरच्यांना न कळणारी एक गोष्ट आहे. पूर्णवेळ युनिट हललं की माणसं ऑर्डरवर हलतात. रिझर्व्ह युनिट हललं की झेंडा हलतो, नंबर हलतो, माणसं बहुतेक तिथेच राहतात, कारण त्यांची घरं, नोकऱ्या, मुलांच्या शाळा सगळं तिथे असतं. कॅलिफोर्नियातला पोलिस किंवा प्लंबर ड्रिलसाठी दर महिन्याला ओहायोला येणार का? मग राइट-पॅटरसनवर आधीपासून दोन रिझर्व्ह ग्रुप होते, एक एफ-१६ चा आणि एक सी-१३० चा, ते बंद केले आणि त्यातल्या लोकांमधून नवी ४४५ वी उभी राहिली, सी-१४१ सकट, आणि यावेळी विमानं विंगची स्वतःची. फायटरचं इंजिन डोळे मिटून काढणाऱ्या मेकॅनिकने चाळिशीत परत बाकावर बसून नवीन विमान शिकायचं, ते पण वीकेंडला. त्या पिढीने मला शिकवलं, आणि मी त्यांचं ऋण मानतो.

त्या विमानांमधलं एक होतं हनोई टॅक्सी. सी-१४१, नंबर ६६-०१७७. व्हिएतनाम युद्ध संपताना १२ फेब्रुवारी १९७३ ला हनोईच्या जिया लाम विमानतळावरून सुटलेल्या अमेरिकन युद्धकैद्यांची पहिली खेप, ४० माणसं, याच विमानाने बाहेर काढली. त्या सगळ्या मोहिमेत एकूण ५९१ कैदी परत आले. मोकळे झालेल्या त्या लोकांनी फ्लाइट इंजिनिअरच्या पॅनलवर हनोई टॅक्सी असं लिहिलं आणि तेच नाव पडलं. हे विमान शेवटी आमच्या विंगकडे आलं, आणि आमच्या लोकांनी ते म्युझियमसारखं शोभेला नाही ठेवलं, रोजच्या कामाला लावलं. जुन्या पांढऱ्या-राखाडी रंगात परत रंगवलं आणि उडवत राहिले.

मे २००४ मधे ते पुन्हा व्हिएतनामला गेलं, दोन अमेरिकन सैनिकांचे अवशेष आणायला, आणि पायलट होते मेजर जनरल एडवर्ड मेकेनबिअर, रिझर्व्हचेच. हे स्वतः जून १९६७ मधे पाडले गेले होते आणि फेब्रुवारी १९७३ पर्यंत कैदेत, म्हणजे पावणेसहा वर्षं. ज्या देशाने आपल्याला कोंडून ठेवलं तिथे एकतीस वर्षांनी वर्दीतच परत जायचं आणि आपल्या माणसांना घरी आणायचं. हे रिझर्व्हमधेच होऊ शकलं असं मला वाटतं, कारण पूर्णवेळ नोकरीत एवढी वर्षं उडत राहणारे फार कमी.

२००५ ला कतरिना चक्रीवादळ आलं तेव्हा हनोई टॅक्सी न्यू ऑर्लिन्सहून पेशंट काढत होती. ६ मे २००६ ला ती निवृत्त झाली आणि तीच एअरफोर्सची शेवटची सी-१४१. आमच्याकडे तोवर सी-५ आलेलं, आणि २०११ पासून सी-१७.

सी-१७ बद्दल भारतात बरीच माहिती आहे कारण आपल्या हवाई दलाकडे ११ आहेत, हिंडनला, त्यामुळे थोडक्यात. ७७ टनांपर्यंत माल, १८ पॅलेट (माल रचून जाळीने बांधायचे सपाट पाट), नाहीतर एक अब्राम्स रणगाडा, आणि साधारण साडेतीन हजार फुटांच्या धावपट्टीवर उतरतं. क्रू कमीतकमी तिघांचा, दोन पायलट आणि एक लोडमास्टर. म्हणजे मागच्या अख्ख्या हॉलची जबाबदारी एकाची. एक पॅलेट जास्तीत जास्त १० हजार पौंडांचं, साडेचार टन, आणि बांधायचं असं की विमानाने करकचून ब्रेक मारला तर पुढच्या दिशेला वजनाच्या तिप्पट ओढ बसली तरी सुटता कामा नये.

इथे रिझर्व्हचा एक अनुभव सांगतो. आखातातला एक बेस, पहाटेची वेळ, पॅलेट चढवणं चालू. एका पॅलेटच्या कार्डावर ३,२०० पौंड लिहिलेलं. माझ्याबरोबरचा दुसरा लोडमास्टर घरी ट्रक डेपोत काम करणारा, त्याने नुसतं लांबून बघितलं आणि हात वर करून काम थांबवलं. म्हणाला फोर्कलिफ्टची मागची चाकं बघ, हलकी झालीयत, हे तीन हजार नाही. काट्यावर ठेवलं तर ५,८०० निघालं. हे पॅलेट जायचं होतं अगदी शेपटाकडे, म्हणजे विमानाचा तोल मागे गेला असता आणि ते आम्हाला कळलं असतं ते टेकऑफला. कुणाची चूक, कशी झाली हे सगळं नंतर लिहून दिलं, पण त्याच्या नजरेला ते दिसलं कारण तो आठवडाभर हेच करतो. रिझर्व्हमधे असं सारखं होतं, नर्स आहे ती खरोखर रोज आयसीयूत काम करणारी असते, मेकॅनिक खरोखर गॅरेज चालवणारा असतो.

नर्सवरून सगळ्यात महत्त्वाचं आठवलं. जखमींना विमानाने नेणं, एअरोमेडिकल इव्हॅक्युएशन, हे काम अमेरिकेत बहुतांशी रिझर्व्ह आणि नॅशनल गार्ड (राज्यांचं पार्टटाइम दल) यांच्याच खांद्यावर आहे. दोन फ्लाइट नर्स आणि तीन टेक्निशियन असा संच, फार गंभीर असेल तर डॉक्टरांची वेगळी टीम. इराकमधे बलाद, तिथून जर्मनीत रामश्टाइन, तिथून अमेरिका, हा रस्ता मी किती वेळा केला ते मोजलं नाही. आमचं काम स्ट्रेचरचे खांब उभे करणं, ऑक्सिजन, वीज, आणि पायलटला सांगत राहणं की हळू. दिवे मंद केलेले असतात, इंजिनाच्या आवाजात कुणी ओरडलं तरी ऐकू येत नाही म्हणून नर्स चेहऱ्याकडे बघत फिरतात. एकदा एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने माझी बाही धरून विचारलं की आपण समुद्रावर आलो का. आलो म्हटल्यावर झोपला.

आणि मग रविवारी रात्री घरी, सोमवारी नऊला ऑफिसात मीटिंग, कोणत्या गोदामात किती माल पडून आहे यावर. पूर्णवेळ सैनिक परत येतो तेव्हा त्याच्या आजूबाजूला तेच बघून आलेले लोक असतात. रिझर्व्हवाल्याच्या शेजारच्या टेबलावर बसलेल्याला तो कुठे होता हे माहीत पण नसतं. ही या पद्धतीतली सगळ्यात जड बाजू आहे आणि ती भरतीच्या जाहिरातीत नाही. मी स्वतः दोन वर्षं कोणाशी काही बोललो नाही, मग युनिटच्या चॅप्लिनशी, म्हणजे सैन्यातल्या धर्मगुरूशी बोललो, आणि आता जो कोणी तरुण मला विचारतो त्याला मी आधी हे सांगतो, की बोलायला माणूस शोधून ठेव, पहिल्या ट्रिपच्या आधी.

नोकरीचं संरक्षण कायद्याने आहे, १९९४ च्या कायद्याप्रमाणे ड्यूटीवरून परत आल्यावर मालकाला तुम्हाला तुमच्या जागेवर घ्यावं लागतं, एका मालकाकडे मिळून साधारण पाच वर्षांपर्यंतची गैरहजेरी चालते. पण कागद वेगळा आणि दहा माणसांची कंपनी वेगळी, तिथे एक माणूस चार महिने गेला की बाकीच्या नऊ जणांनी ते उचललेलं असतं. आणि घर. आमच्याकडे गणपती बसायचे आणि मी सलग तीन वर्षं नव्हतो, आरती आईने म्हटली, विसर्जन शेजारच्या अमेरिकन कुटुंबाने येऊन करून दिलं. माझ्या बायकोला विंगने कधी पदक दिलं नाही, पण विंगचा अर्धा भार तिच्यासारख्यांवर चालतो.

ऑगस्ट २०२१ मधे तालिबान आल्यावर काबूलमधून लोकांना बाहेर काढणं हे माझ्या सेवेतलं शेवटचं मोठं काम. सव्वा लाखाच्या आसपास माणसं बाहेर काढली गेली आणि आमच्यासारख्या रिझर्व्ह विंगचे क्रू पण त्यात होते. सी-१७ मधे सैनिकांसाठी सीट १०२, आणि एका फ्लाइटमधे ८२३ माणसं आली होती हे सगळ्यांनी वाचलं असेल. ते कसं करतात तर जमिनीवर बसवून, माल बांधायचे पट्टे आडवे ताणून, म्हणजे ओळीतल्या प्रत्येकाला धरायला काहीतरी असतं. लोडमास्टरच्या नजरेने सांगतो, माणसं बांधता येत नाहीत, फक्त आधार देता येतो.

भारतात असं का नाही असंही विचारलं जातं. आपल्याकडे १९५२ चा रिझर्व्ह आणि ऑक्झिलरी एअर फोर्सचा कायदा आहे पण एअरलिफ्ट आपली नियमित स्क्वाड्रनच करतात, लडाखला रोज रसद नेणाऱ्या क्रूचा सराव एवढा आहे की त्यांना माझ्यासारख्याने काही शिकवायचं नाही. अमेरिकेची अडचण समुद्रापार लांब जायची आणि अचानक दुप्पट-तिप्पट क्रू लागण्याची, त्यातून त्यांची पद्धत आली. जशीच्या तशी उचलून आणायची गोष्ट नाही. पण निवृत्त होणाऱ्या ट्रान्सपोर्ट पायलट आणि लोडमास्टरचा अनुभव कुठे जातो यावर आपण विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

कधी डेटनला आलात तर एअरफोर्सचं म्युझियम बघा, तिकीट नाही. चौथ्या इमारतीत हनोई टॅक्सी उभी आहे, आत चढता येतं. लोक कॉकपिटकडे धावतात, तुम्ही आधी इंजिनिअरच्या पॅनलकडे बघा, मग मागे येऊन जमिनीवरचे रोलर आणि साखळ्यांच्या कड्या बघा, कडांवरचा रंग घासून गेलाय. त्यातल्या काही कड्यांना शेवटची साखळी मी लावलेली आहे.